फूल खाली पडू द्यायचं नाही

जुन्या जालन्यात मस्तगडाच्या अंगाला राहणाऱ्या अरुंधतीला आठवड्यातले सहा दिवस एकच हात असायचा. दुसरा रजनीला कडेवर धरण्यात गुंतलेला.

रजनी पावणेदोन वर्षांची. तिला खाली सोडायचं तर कुठं? घर दगडी, उन्हाळा लागला की भिंतीच्या फटींतून विंचू निघत. अंगणात आड. दारासमोरून धान्याच्या अडतीकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ, आणि त्या गाड्यांचे बैल कुणाच्या बापाला ऐकणारे नव्हेत. अरुंधती पुण्याला बी. ए. झालेली; तर्कशास्त्र घेऊन. विंचू दिसला नाही म्हणजे विंचू नाही असं काही सिद्ध होत नाही, एवढं शास्त्र तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे ती एका हातानं भाकरी थापायला शिकली, एका हातानं केस बांधायला शिकली, आणि नवरा, म्हणजे गजानन वकील, जेवताना म्हणाला की “अगं, ठेव तिला खाली जरा,” तर त्याच्याकडे अशी पाही की तो पुढचा घास मुकाट्यानं गिळी.

सातवा दिवस गुरुवार. गुरुवारी ती लेकीला खाली ठेवायची. क्लबघरात.

क्लबघर बलदियाचं, म्हणजे गावच्या म्युनिसिपालिटीचं. कापसाच्या दर गाडीमागे नाक्यावर चुंगी घेत, तिच्यातून ते बांधलेलं. आत एक लांब दालन, तिथं साहेब लोक पत्ते आणि बिलियर्ड खेळत. आणि मागं, कुंडलिकेच्या बाजूला, बॅडमिंटनसाठी केलेलं सिमेंटचं सपाट अंगण. साऱ्या जालन्यात तेवढी मोठी, तेवढी गुळगुळीत, फट नसलेली जमीन दुसरी नव्हती. दोन वर्षांपूर्वी अरुंधतीनं नवऱ्याच्या मागं लागून बलदियाला अर्ज दिला की चुंगी सगळ्या गावाची, तर व्यायाम आणि मोकळी हवा अर्ध्या गावालाच का? अर्ज हैदराबादेपर्यंत जाऊन आला म्हणतात. शेवटी गुरुवार मिळाला. उजाडल्यापासून पाचपर्यंत जनाना, भोवती कापडी कनात, चार बॅटी, आणि दरसालची मंजुरी. शुक्रवारी कचेऱ्यांना सुट्टी, तो दिवस साहेब लोकांना हवाच. गुरुवारी ते कामावर असत, म्हणून तो बायकांच्या वाट्याला आला.

पहिलं वर्ष बायका आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. फार तर दोघीचौघी बॅट हातात धरून बघत, पंख्यासारखी हलवून वारा घेत आणि ठेवून देत. मग मागल्या चैत्रात द्वारकाबाईंनी खाली वाकून सिमेंटवरून हात फिरवला.

“वकीलीणबाई,” त्या म्हणाल्या, “हिथं कुरडई काय सुंदर वाळंल.”

ज्यानं जालन्यातला उन्हाळा काढला नाही त्याला यातलं मर्म कळायचं नाही. गावात जिनिंगचे कारखाने. फाल्गुन-चैत्रात त्यांचं कापसाचं तूस वाऱ्यावर असं उडतं की घराच्या धाब्यावर घातलेल्या कुरडईला संध्याकाळपर्यंत दाढी येते. तळली की दाढीसकट फुलते. क्लबघर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तिथं तूस नाही, वानरं नाहीत, धाब्याची पांढरी माती नाही. आठ दिवसांत बातमी अख्ख्या जुन्या जालन्यात गेली. पुढच्या गुरुवारी बारा बायका होत्या त्या तीस झाल्या. कुरडया संपल्या की पापड, पापड संपले की शेवया, पावसाळ्यात दालनात बसून वाती आणि गोधड्या, संक्रांतीला तिळगूळ. मुलं सिमेंटवर रांगायची, घसरायची, एकमेकांची खेळणी पळवायची. रजनी तिथंच चालायला शिकली. अरुंधती मात्र दर गुरुवारी, जनान्याची चिटणीस म्हणून, वहीत एकच ओळ लिही: ‘उपस्थिती तीस. व्यायाम.’ कुरडईचा शिजता चीक घोटायला दंडांत किती ताकद लागते हे ज्यानं घोटला त्यालाच ठाऊक, तेव्हा हे काही अगदीच खोटं नाही, असं ती स्वतःला तर्कानं पटवून देई. पण वही मिटताना दर वेळी ती त्या ओळीकडे पाहायचं टाळायची.

क्लबघराचे सेक्रेटरी रामराव. तीस वर्षं पेशकारी, म्हणजे कोर्टात कागद वाचून दाखवायची नोकरी, करून पेन्शनीत निघालेला माणूस. कचेरी सुटली तरी कचेरीतला आवाज सुटला नव्हता. ते द्वारकाबाईंचे सख्खे धाकटे भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा बहिणीनंच त्यांना वाढवलेलं. पण कायदा म्हणजे कायदा. ज्या कामाला पैसा मंजूर, त्या कामालाच जागा, हे त्यांचं म्हणणं. कनातीच्या आत त्यांना डोकावता येत नव्हतं. बाहेरून त्यांना एवढंच कळायचं की गुरुवारी बॅटीचा आवाज येत नाही आणि धूर मात्र येतो. धुराचं काही असो, गुरुवारी जागा रिकामीच पडते, असा अहवाल त्यांनी पाठवून दिला.

त्याचं उत्तर आलं त्या दिवशी गजानन औरंगाबादच्या कोर्टात निघाला होता. टांगा दारात, एक पाय पायरीवर. उर्दू कागद त्यानं उभ्या उभ्या वाचला.

“पंधरा खुर्दादला मुआयना आहे तुमचा. औरंगाबादेहून बाई येणार तपासायला. जनान्यात पुरुष कसा पाठवतील? खेळ चालू दिसला तर मंजुरी पुढं चालू, नाही तर गुरुवार बंद.” त्यानं कागद तिच्या मोकळ्या हातात दिला. “खेळता ना तुम्ही तिथं?”

“खेळतो की,” अरुंधती म्हणाली.

टांगा गेला आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं जाऊन उभी राहिली. कॅलेंडर सरकारी छापखान्याचं. एकेका चौकोनात चार चार तारखा: मधे ठळक इंग्रजी, खाली आपली तिथी, आणि वर दोन कोपऱ्यांत दोन बारीक आकडे, एक फसली, एक हिजरी. सरकारी कामाला फसली साल, त्याचेच हे खुर्दाद आणि तीर महिने. पुण्यात हिला असल्या चार तारखांशी गाठ कधी पडली नव्हती. उर्दू आकडे तेवढे तिनं घोकून शिकून घेतले होते. पंधराचा आकडा तिला सापडला तो पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या चौकोनात. तिनं बोटानं दाबून पुन्हा पाहिला. जनान्याचा वार नव्हे, पण मुआयन्यासाठी खास दिवस दिला असेल, असं तिनं धरलं. अकरा दिवस होते. तिनं हिशेब केला: ह्या गुरुवारी शेवटच्या कुरडया उरकून घ्यायच्या, मग सगळं धुऊन पुसून आठवडाभर रोज कुणाच्या तरी अंगणात खेळायचं, शनिवारपर्यंत हात बसतील.

आकडा बरोबर होता. कोपरा चुकला होता.

गुरुवारी आठ वाजता अंगणभर पांढरी धोतरं अंथरलेली, आणि त्यांच्यावर कुरडयांच्या ओळी लागत होत्या. कनातीच्या कोपऱ्यात तीन दगडांवर मोठं पातेलं, त्यात चीक रटरटत होता. द्वारकाबाई लाकडी दांड्यानं घोटत होत्या. चौघी सोऱ्या दाबत होत्या. ओल्या, पारदर्शक, मोत्यासारख्या कुरडया, जाळीच्या अलीकडं आणि पलीकडं, पाऊल टाकायला जागा नाही. मुलं चिकाच्या वाट्या घेऊन कडेला बसलेली. रजनीच्या हनुवटीवरून गुळाचा ओघळ चालला होता.

तेवढ्यात कनातीच्या बाहेरून कडूबाचा आवाज आला. कडूबा क्लबघराचा चपराशी.

“बाईसाब, टांगा आल्ता टेसनावरून. मुआयनावाल्या बाई उतरून राह्यल्या. रामरावसाहेब सोबत हायेत.”

“आज?” अरुंधतीच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. “अहो, मुआयना पंधराला आहे.”

“आजच पंधरा न्हाई का. सक्काळी फळ्यावर मीच खडूनं लिवली. तारीख तेवढी येते मला.”

अरुंधतीनं पहिलं काम केलं ते जाऊन रजनीला उचललं. मग म्हणाली, “माझी चूक झाली. मी भलत्याच कोपऱ्यातला आकडा वाचला.”

“एका दिवसाला चार चार तारखा,” द्वारकाबाई घोटता घोटता म्हणाल्या. “एवढ्या नवऱ्यांची नावं ध्यानात ठेवायची म्हनलं तरी बाई चुकंल.”

“अहो द्वारकाबाई, हसताय काय? गुंडाळा सगळं. पटकन.”

“काय गुंडाळू? वल्ली कुरडई उचलली का तिचा गोळा होतो.”

“मग पातेलं तरी उतरवा.”

“तीन दिस भिजलेला गहू हाय. आज चीक शिजला न्हाई तर उद्या आंबून जाईन. बाईला म्हना, मुआयना उद्या घ्या. चीक उद्या व्हत न्हाई.”

अरुंधतीनं अंगणाकडे पाहिलं. गुरुवार गेला, असं तिला स्पष्ट दिसलं. आणि त्याच्यामागं आठवड्याचे सातही दिवस दिसले: दगडी घर, आड, बैल, आणि कडेवर दिवसेंदिवस जड होत जाणारी पोर.

“बॅटी कुठं हायेत?” चतुराबाईनं विचारलं. चतुराबाई अंतरवाली सराटीची लेक, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली. कापूस वेचून वेचून हात असे सुटलेले की बोलायच्या आधी ते हलत.

“बॅटी घेऊन करू काय? उभं कुठं राहायचं?”

“कडंनं. धोतराच्या भाईर. जाळी तर वरच हाय ना. फूल वरच्या वर मारायचं. खाली पडू द्याचं न्हाई, झालं.”

“माझ्या कुरडईवर जिच्या हातून फूल पडंल,” द्वारकाबाईंनी दांडा वर करून सगळ्यांना दाखवला, “तिच्या घरी ह्या साली कुरडई न्हाई. आत्ताच सांगून राह्यले.”

तिकडं विलायतेत चाललेल्या लढाईमुळं बाजारात फूल मिळत नव्हतं. जे होतं ते बायकांनीच बाटलीच्या बुचाला कोंबडीची पिसं खोचून केलेलं, एक पीस तांबडं. चार बॅटींपैकी एकीची तात तुटून लोंबत होती. ती तुळजाबाईच्या वाट्याला आली. तुळजाबाई अंगानं भरलेल्या, स्वभावानं अशा भिडस्त की नवऱ्याच्या घरी जाता-येता दारालाही वाट देत. त्या म्हणाल्या, “मला न्हाई जमायचं बाई.” पण त्यांच्या वाट्याच्या दीडशे कुरडया जाळीच्या बरोबर खाली होत्या. त्यांनी पदर खोचला.

कनातीचा पडदा सरला आणि मुआयनावाल्या बाई आत आल्या. खुर्शीद बेगम. लहानखुऱ्या, चष्मा लावलेल्या. बुरखा आत आल्याबरोबर मागं टाकलेला, काखेत फाईल. रामराव पडद्याच्या बाहेरच थांबले. बाईंनी अंगणाकडे पाहिलं. जाळीकडे पाहिलं. चार बायका चार कोपऱ्यांत अंगठ्यांवर उभ्या, मधे पांढरा पसारा. कडेला पातेलं.

“ये क्या है जी?”

“बॅडमिंटन,” अरुंधती म्हणाली.

“और नीचे?”

“नीचे कुरडई.”

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. “अच्छा,” त्या म्हणाल्या. “खेलो.”

आता पंचाईत अशी की चौथी बॅट अरुंधतीच्या हातात होती आणि कडेवर रजनी. तिला खाली ठेवावं तर ती थेट कुरडयांत जाणार, हे कुठल्याही शास्त्राशिवाय कळत होतं. खुर्शीद बेगम कनातीजवळच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी हात पुढं केले.

“बच्ची कू इदर देओ. तुमे खेलो.”

रजनीला आजपर्यंत घराबाहेरच्या कुणाच्या मांडीवर अरुंधतीनं दिलेलं नव्हतं. सासूबाई आल्या होत्या तेव्हाही ती दोन हातांच्या अंतरावर उभी राहत असे. पण मुआयन्याला आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? तिनं दिली. बाईंच्या कानांत लांब झुमके होते, रजनीनं पहिल्यांदा ते धरले.

चतुराबाईनं फूल वर उडवलं.

पहिल्या चार-सहा माऱ्यांना अरुंधतीचं अर्धं लक्ष बाकाकडे होतं. मग फूल तिच्या डोक्यावरून मागं जायला लागलं आणि तिच्या मनात आलं ते फक्त एवढंच की मागच्या धोतरावर द्वारकाबाईंच्या कुरडया आहेत. ती मागं सरली, वाकडी झाली, आणि ते तिनं कसं परतवलं ते तिलाच कळलं नाही. “सात,” कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. “आठ.” सोऱ्या दाबणाऱ्या बायकाही मोजायला लागल्या. कुणालाच डाव जिंकायचा नव्हता. जोरात मारून समोरचीला चुकवावं तर फूल तिच्याच कुरडयांत पडणार, आणि ती शेजारीण. म्हणून जो तो फटका दुसरीला सोयीचा पडेल असा, उंच, मऊ. मुलं उड्या मारायला लागली. “एकोणीस. ईस.”

“तुळजे, डावीकडं,” द्वारकाबाई ओरडल्या. दांडा चालूच होता.

“दिसून राह्यलं मला.”

“दिसून राह्यलं तं पळ ना मंग.”

तुळजाबाई पळाल्या. त्यांना पळताना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. तात तुटलेल्या बॅटीच्या उरलेल्या कोपऱ्यानं त्यांनी फूल असं उचललं की ते जाळीवर एक क्षण बसल्यासारखं झालं आणि पलीकडं गेलं. चतुराबाईनं ते भुईपासून वीतभर वर गाठलं. “तेहतीस.” बाहेरून कडूबाचा आवाज आला, “किती झाले?” आणि पाठोपाठ रामरावांचा, “तू कशाला मोजतो?”

चाळीस झाले तेव्हा अरुंधती हसत होती. कशाला ते तिला सांगता आलं नसतं. पदर कमरेत, केस सुटलेले, दम लागलेला, आणि दोन्ही हात मोकळे. सत्तेचाळीसच्या सुमाराला तिनं बाकाकडे एकदा नजर टाकली. खुर्शीद बेगम वाटीतला चीक बोटानं रजनीला भरवत होत्या आणि मधेच एक बोट स्वतः चाटत होत्या. उकळलेलं आहे, काही होणार नाही, असं अरुंधतीच्या मनात आलं, आणि तेवढ्यात फूल तिच्यावर आलं.

एक्कावन्नावा फटका तिचाच. तो चुकला. फूल जाळीला घासून तुळजाबाईच्या बाजूला सरळ खाली यायला लागलं, बरोबर त्या दीडशे कुरडयांवर. बॅट पोचणार नव्हती. तुळजाबाईंनी बॅट टाकली, दोन्ही हातांनी पदर पसरला, आणि धोतराच्या काठावर गुडघे टेकून फूल पदरात झेललं.

गलका उठला. कुणी म्हणे पडलं, कुणी म्हणे नाही.

“पदरात पडलं म्हंजे पडलंच की.”

“कुरडईला लागलं का? न्हाई ना? मंग?”

“आक्का, तुमी सांगा.”

“मी काय सांगू, माझा चीक लागून राह्यला खाली.”

अखेर सगळ्या खुर्शीद बेगमांकडे वळल्या. त्यांनी जरा विचार केला, जसा अर्जावर करत असतील तसा.

“गिरा नहीं,” त्या म्हणाल्या. “मगर खेल खतम.”

मग त्यांनी रजनीला मांडीवर सावरून फाईल उघडली आणि अरुंधतीला जवळ बोलावलं. वहीत दर हप्त्याला काय लिहिता, म्हणून विचारलं.

“व्यायाम.”

“वर्जिश. दर जुमेरातीला, गुरुवारी, असाच खेळ होतो?”

हे त्यांनी मराठीत विचारलं, अगदी हळू. बाकी कुणाला ऐकू गेलं नसतं. ‘हो’ म्हटलं असतं तर झालं असतं. आज आलेल्या छत्तीस बायका साक्षीला होत्या आणि छत्तीसच्या छत्तीस हो म्हणाल्या असत्या. अरुंधतीनं तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की दोन वर्षं लिहिलेली ती ओळ आता तिला बोलून दाखवता येत नाही.

“नाही,” ती म्हणाली. “असा आजच झाला. एरवी आम्ही इथं कुरडया घालतो. पापड घालतो, गोधड्या शिवतो. घरी एवढी जमीन नाही कुणाकडे. मुलं खाली सोडता येतात. वहीत मी खोटं लिहिलं. ह्या बायकांचा त्यात दोष नाही.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. शेऱ्याच्या वहीत त्यांनी उजवीकडून डावीकडे भराभर लिहायला सुरुवात केली. एक पान झालं, पान उलटलं, अर्धं आणखी झालं. सही केली. रजनीला परत देताना तिच्या मुठीतून झुमका सोडवून घेतला, बुरखा पुढं ओढला, आणि औरंगाबादची गाडी गाठायची म्हणून टांग्यात बसून निघून गेल्या. जाताना द्वारकाबाईंनी केळीच्या पानात बांधून दिलेला चीक मात्र त्यांनी घेतला.

टांग्याचा आवाज गेल्यावर बायका वहीभोवती जमल्या. दीड पान उर्दू. छत्तीस जणींत वाचणारी एक नाही.

“खरं बोलायचं काय अडलं व्हतं?” एकजण पुटपुटली.

“अडलं व्हतं तिचं तिला,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बोलली ते बराबर बोलली. गुरुवार जायचा तं जाईन. पन काय लिवलं ते तं कळू द्या.” त्यांनी वही उचलली आणि कनातीच्या फटीतून बाहेर सरकवली. “रामा. वाच. मधलं गाळू नको.”

बाहेरून घसा खाकरल्याचा आवाज आला. रामराव अहवाल लिहिणारे खरे, पण तीस वर्षांत त्यांनी कागदावरचा एक शब्द खाल्लेला नव्हता आणि एक जास्तीचा घातलेला नव्हता, ही त्यांची एकुलती एक ऐट. त्यांनी कोर्टातल्या आवाजात सुरू केलं. उर्दू वाचत आणि लगेच मराठी सांगत.

“‘आज पंधरा खुर्दाद, जुमेरात. हाजिरी छत्तीस औरतें, अठरा बच्चे.’ म्हणजे मुलं. ‘खेल का दर्जा ऐसा के और कहीं के जनाने में नहीं देखा. एक बार में पचास.’” ते थांबले. “पन्नास?”

“एक्कावन्नावा चुकला,” कनातीच्या आतून चतुराबाई म्हणाली. “फुडं वाचा.”

“‘सेक्रेटरी साहब की रिपोर्ट, के जुमेरात को...’” आवाज थांबला. कागद सळसळला.

“रामा.”

“वाचतो की आक्का. ‘के जुमेरात को जगह खाली रहती है, दुरुस्त नहीं.’ म्हणजे, बराबर न्हाई.” ते पुन्हा खाकरले. “‘औरतें इस फर्श पर घर का काम भी करती हैं. ये बात खुद जनाने की चिटणीस ने बताई, छुपाई नहीं. मेरी राय में फर्श का इससे अच्छा इस्तेमाल मुमकिन नहीं. पैसा शहर का, फर्श शहर का, औरतें शहर की. मंजुरी जारी रहे.’”

‘जारी’ सगळ्यांना कळलं होतं, पण वाचन अजून संपलं नव्हतं.

“‘और एक दिन काफी नहीं. हफ्ते में एक दिन और दिया जाए. दिन और मकसद सेक्रेटरी साहब चिटणीस से पूछकर दर्ज करें.’ सही.” वही मिटल्याचा आवाज आला. “संपलं. बिलकुल शब्दाला शब्द.”

मग जे झालं त्यात कुणाला काही ऐकू येईना. तुळजाबाई रडत होत्या की हसत होत्या ते त्यांच्या पदराआड कळत नव्हतं. चतुराबाईनं दोघी जणींना धरून धोतराच्या काठाकाठानं फुगडी धरली, आणि द्वारकाबाई “कुरड्या, माझ्या कुरड्या” म्हणत दांडा घेऊन मागं लागल्या. मुलांनी संधी साधून पातेल्याची खरवड पळवली.

“अहो, ऐका जरा,” बाहेरून रामराव म्हणाले. दौत-लेखणी मागवून ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. “दिवस कोणता लिहू?”

“सोमवार,” आतून आलं. ह्यावर वाद झाला नाही.

“आणि मकसद? म्हणजे कारण. कारणाशिवाय मिसल, म्हणजे फाईल, बनत न्हाई.”

“शेवया,” एकजण म्हणाली.

“पापड लिवा.”

“ब्याडमिंटन.”

“निजायचं,” तुळजाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्यावर सुद्धा त्यांनी शब्द मागं घेतला नाही. “घरी दुपारचं कोन निजू देतं?”

“फुगड्या लिवा सायेब.”

“अशी पाच-सहा कारणं चालत न्हाईत,” रामराव म्हणाले. “एक सांगा. चिटणीसबाई, तुम्ही सांगा. तुमची सही लागंल.”

अरुंधती कनातीजवळ आली. रजनी तिचा पदर धरून मागं मागं आली आणि मग पदर सोडून खरवड खाणाऱ्या मुलांकडे गेली. वहीत पुन्हा एक शब्द लिहायचा होता. ह्या वेळी तिला असा हवा होता की वही मिटताना त्याच्याकडे सरळ पाहता यावं.

“लिहा,” ती म्हणाली, “की बायका येणार आहेत. काय करायचं ते त्या दिवशी ठरवतील.”

“असं लिहिता येत न्हाई, वकीलीणबाई.”

“लिहून तं बघ,” द्वारकाबाई म्हणाल्या.

बाहेर लेखणी दौतीच्या काठावर आपटून जास्तीची शाई झटकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कागदावर टाक चालल्याची करकर. रामराव एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहीत होते, जसं कचेरीत लिहीत असत. आत चतुराबाईनं फूल वर उडवलं होतं, आणि बायकांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली होती.